भीमबेटका शोधणारे वाकणकर, खान्देशातलं पाटणे आणि २५ हजार वर्षांपूर्वीचं शहामृगाचं अंडं

दोंडाईचाला सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी पकडायची, भुसावळला उतरून भोपाळची गाडी धरायची. इटारसी गेलं, नर्मदेचा पूल गेला, बुधनी गेलं की गाडी विंध्याच्या घाटात शिरते. आजूबाजूला सागाचं जंगल लागतं आणि त्या जंगलाच्या वर, डोंगराच्या माथ्यावर, किल्ल्याच्या पडक्या बुरुजांसारखे मोठमोठे खडक दिसायला लागतात.

खान्देशातली कितीतरी माणसं या मार्गाने ये-जा करतात. बहुतेकांना ते खडक दिसतात आणि मागे पडतात. १९५७ मध्ये या मार्गाने जाणाऱ्या एका मराठी माणसाला मात्र ते खडक बघून राहवलं नाही. तो तिथे जाऊन पोहोचला आणि भारताचा इतिहास काही हजार वर्षांनी मागे सरकला.

त्या माणसाचं नाव विष्णू श्रीधर वाकणकर. ओळखीचे लोक त्यांना हरिभाऊ म्हणायचे. ती जागा म्हणजे भीमबेटका.

भीमबेटक्याची चित्रं शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी बघितली आहेत. पण वाकणकरांच्या कामात आणखी एक गोष्ट होती, जी चित्रांच्या गर्दीत कायम मागे राहते. ती म्हणजे शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी. हो, शहामृग. आफ्रिकेतला तोच पक्षी. आणि या मण्यांची गोष्ट पूर्ण करायची तर भीमबेटक्याहून थेट आपल्या चाळीसगाव तालुक्यात यावं लागतं.

नीमचचा चित्रकार

वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ चा, मध्य प्रदेशातल्या नीमचचा. नीमच तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानात होतं. मराठे माळव्यात गेले, तिथे शिंदे, होळकर, पवार यांची राज्यं उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर कारकून, शिक्षक, पुजारी, कलाकार अशी कितीतरी मराठी घरं तिकडे स्थिरावली. उज्जैन, इंदूर, देवास, धार इथे आजही घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारी कुटुंबं भेटतात. वाकणकर त्याच मराठी माळव्यातले.

ते मुळात चित्रकार होते, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कारण त्यांचं पुढचं सगळं काम त्यातून आलं. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन ही कलासंस्था उभी केली आणि तिथे मुलांना चित्रकला शिकवली. इतिहासाची ओढ आधीपासून होतीच. जुनी नाणी, मूर्ती, शिलालेख गोळा करायचे, त्यांचे ठसे घ्यायचे, त्यांची चित्रं काढून ठेवायची हा नाद होता. उज्जैनसारख्या गावात असा नाद असलेल्या माणसाला काही कमी पडत नाही.

१९५० च्या दशकात नर्मदेच्या काठावर माहेश्वर आणि नावडातोली इथे मोठी उत्खननं चालू होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल संकलिया त्यांचे प्रमुख होते. वाकणकर या कामात सहभागी झाले. कोणत्या थरात काय सापडलं, तो थर कोणत्या थराच्या खाली किंवा वर आहे, मातीचा रंग कुठे बदलला, हे सगळं नोंदवत खणायचं असतं. वस्तू हातात आली की काम संपत नाही. ती कुठे आणि कशाशेजारी होती, हे कळलं नाही तर त्या वस्तूचा अर्धा अर्थ जातो. मण्यांच्या बाबतीत हीच गोष्ट पुढे कामाला आली.

भीमबेटका

भारतात प्रागैतिहासिक चित्रं आहेत, हे वाकणकरांच्या आधीपासून माहीत होतं. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळ आर्चिबाल्ड कार्लाइल यांनी १८६७-६८ मध्येच अशी चित्रं बघितली होती. स्पेनमधल्या आल्तामिराच्या जगप्रसिद्ध गुहेतली चित्रं उजेडात आली १८७९ मध्ये, म्हणजे त्याच्याही नंतर. पण आल्तामिराचा गाजावाजा झाला आणि आपल्याकडची चित्रं विस्मरणात गेली.

भीमबेटक्याचंही तसंच. १८८८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखात या जागेचा उल्लेख आला होता, पण बौद्ध अवशेषांची जागा म्हणून. आसपासच्या गावांतल्या लोकांना तर हे डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. भीमाची बैठक म्हणून ते त्यांना ओळखत होते. त्यामुळे वाकणकरांनी भीमबेटका शोधलं याचा अर्थ, इथे हजारो वर्षांपूर्वीचा माणूस राहत होता आणि त्याने भिंतींवर चित्रं काढली आहेत, हे त्यांनी अभ्यासकांच्या लक्षात आणून दिलं.

या परिसरातल्या शैलाश्रयांची, म्हणजे खडकांच्या आडोशांची, संख्या ७०० च्या पुढे जाते आणि त्यातल्या ४०० हून अधिक ठिकाणी चित्रं आहेत. गवे, हरणं, वाघ, गेंडे, रानडुकरं, नाचणारी माणसं, धनुष्यबाण घेतलेले शिकारी. मधूनमधून पक्षीही आहेत. रंग बहुतेक लाल आणि पांढरा. लाल म्हणजे गेरू, पांढरा चुनखडीचा.

इथे वाकणकरांचं चित्रकार असणं उपयोगी पडलं. एका चित्रावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं अशी चित्रं काढलेली असतात. कोणती रेघ आधीची, कोणती नंतरची, कोणता हात सराईत आणि कोणता शिकाऊ, हे ओळखायला चित्रकाराची नजर लागते. त्यांनी खडकांपुढे बसून या चित्रांच्या नकला केल्या, शैलीनुसार त्यांचे काळ लावले. पुढची कित्येक वर्षं ते मध्य भारतातल्या डोंगरांमध्ये अशी ठिकाणं शोधत फिरत राहिले.

१९६१ ते १९६३ या काळात ते युरोपात गेले. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या उत्खननांत काम केलं, तिकडच्या चित्रांच्या गुहा बघितल्या. परत आल्यावर त्यांनी उज्जैनजवळच्या कायथा गावात १९६५-६६ मध्ये उत्खनन केलं. इथली संस्कृती चार हजार वर्षांहून जुनी निघाली आणि आज ती कायथा संस्कृती म्हणूनच ओळखली जाते. १९७३ मध्ये त्यांना डेक्कन कॉलेजमधून भारतातल्या चित्रित शैलाश्रयांवरच्या संशोधनासाठी पीएचडी मिळाली. मार्गदर्शक होते संकलिया. तेव्हा वाकणकरांचं वय होतं ५४. १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासोबत लिहिलेलं भारतातल्या अश्मयुगीन चित्रांवरचं इंग्रजी पुस्तक आलं.

गळ्यापाशी सापडलेले दोन मणी

चित्रं भिंतीवर होती. ती काढणारी माणसं कशी जगत होती, हे कळायला जमीन खणावी लागणार होती. १९७० च्या दशकात भीमबेटक्याला ते काम सुरू झालं. वाकणकर खणत होते, डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र वेगळ्या शैलाश्रयांत खणत होते. इथे अश्मयुगाच्या अगदी सुरुवातीच्या हत्यारांपासून ऐतिहासिक काळापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. म्हणजे लाखभराहून अधिक वर्षं माणूस या खडकांच्या आडोशाला येत राहिला होता.

वाकणकरांच्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगाच्या थरात, म्हणजे शेती यायच्या हजारो वर्षं आधीच्या काळातल्या मातीत, एक मानवी सांगाडा मिळाला. आणि त्या सांगाड्याच्या गळ्यापाशी दोन लहानसे गोल मणी होते. हे मणी दगडाचे नव्हते, शंखाचे नव्हते. ते शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे होते.

आता तुम्ही म्हणाल, दोन मण्यांचं एवढं काय? तर ते कुठे होते, हे महत्त्वाचं. तेच मणी नदीच्या गाळात सुटे मिळाले असते, तर ते कशासाठी होते यावर वाद घालता आला असता. पण ते माणसाच्या गळ्यापाशी होते. म्हणजे कुणीतरी ते दोऱ्यात ओवले होते, कुणीतरी घातले होते आणि माणूस गेल्यावर बाकीच्यांनी ते काढून न घेता त्याच्यासोबत राहू दिले होते.

अश्मयुगातला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे केस पिंजारलेला, दिवसभर पोटामागे धावणारा कुणीतरी येतो. ते दोन मणी या चित्रात बसत नाहीत. मणी खाता येत नाही आणि त्याने शिकारही होत नाही. तरी कुणीतरी त्यासाठी वेळ काढला होता.

एक अंडं, तीन कामं

शहामृगाचं अंडं हे आज जिवंत असलेल्या कोणत्याही पक्ष्याच्या अंड्यापेक्षा मोठं असतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास. कोंबडीच्या दोन डझन अंड्यांएवढा ऐवज एकट्या अंड्यात असतो. घरात भुर्जी करायची म्हटली तर अख्खी गल्ली जेवेल.

शहामृगाची शिकार करणं सोपं काम नाही. तो तासाला ७० किलोमीटरच्या वेगाने पळतो आणि त्याची लाथ माणसाचा जीव घेऊ शकते. अंडी मात्र जमिनीवरच असतात. शहामृग झाडावर घरटं बांधत नाही, जमिनीत उथळ खळगा करतो आणि एकाच खळग्यात अनेक माद्या अंडी घालतात. पालक पक्षी कधी लांब असतो, अंडी कोणत्या दिवसांत असतात, हे ज्याला माहीत त्याला न पळता, न लढता पोटभर खाणं मिळायचं. त्यामुळे अंड्याचं कवच सापडलं म्हणजे तिथल्या माणसांनी शहामृग मारलाच होता, असं म्हणता येत नाही. शक्यता जास्त आहे ती अंडी उचलून आणल्याची.

हे झालं पहिलं काम, म्हणजे खाणं. दुसरं काम आपल्या सहज लक्षात येत नाही. अंड्याचं कवच साधारण दोन मिलिमीटर जाड असतं. चिनी मातीच्या कपासारखं टणक. वरच्या बाजूला छोटं भोक पाडून आतला ऐवज काढून घेतला की एक लिटरभर पाणी मावेल अशी बाटली तयार. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सान लोक अगदी अलीकडेपर्यंत अशा अंड्यांत पाणी साठवायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ या ठिकाणी सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीचे, रेघांची नक्षी केलेले कवचाचे तुकडे मिळाले आहेत. त्यातले काही अशा पाण्याच्या अंड्यांचेच असावेत, असं अभ्यासक मानतात. मातीचं मडकं यायला तेव्हा हजारो वर्षं बाकी होती. पाणी सोबत नेता येणं म्हणजे नदीपासून लांब जाता येणं, हे ज्यांच्या घरी उन्हाळ्यात टँकर येतो त्यांना वेगळं सांगायला नको.

अंडं फुटलं की तिसरं काम सुरू. कवचाचे लहान तुकडे करायचे. दगडाच्या टोकदार हत्याराने तुकड्याच्या मधोमध भोक पाडायचं. कडा टोचून टोचून साधारण गोल करायच्या. मग असे बरेच तुकडे एका दोऱ्यात ओवून खरखरीत दगडावर घासायचे, की सगळे एकसारखे गोल होतात. सान लोकांची पद्धत साधारण अशीच. हे काम नाजूक आहे. भोक पाडताना तुकडा फुटला की आधीची मेहनत पाण्यात. आफ्रिकेत असे मणी ५० हजार वर्षांपूर्वीही होत होते.

खाणं, पाण्याचं भांडं आणि दागिना, हे सगळं एका अंड्यातून. भीमबेटक्यात हाती आलं ते तिसरं काम. पहिल्या दोन कामांचा अंदाज आपल्याला कवचाच्या गुणांवरून आणि आफ्रिकेतल्या पुराव्यांवरून करता येतो.

आता येऊ खान्देशात

चाळीसगावहून पाटणादेवीला तुम्ही गेला असाल. सातमाळ्याच्या डोंगरांत, गौताळा अभयारण्याच्या कुशीत देवीचं जुनं मंदिर आहे. गणितज्ञ भास्कराचार्यांमुळेही हा परिसर ओळखला जातो. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढल्याचा शिलालेख आहे. हा इतिहास आठशे वर्षांचा. पण पाटण्याच्या मातीत त्याहून कितीतरी जुना इतिहास होता.

तो उकरून काढला एस. ए. साळी यांनी. साळी हे खान्देशच्या पुरातत्त्वातलं मोठं नाव. तापी खोऱ्यातली सावळदा संस्कृती उजेडात आणण्यात त्यांचा वाटा होता, दायमाबादचं मोठं उत्खननही पुढे त्यांनी केलं. १९७२-७३ मध्ये त्यांनी पाटण्याला उत्खनन केलं. तिथे मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर सलग मिळाले. कॅल्सेडनी, जास्पर अशा दगडांची धारदार पाती मिळाली. आणि उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं. त्यात मणी होते आणि एका तुकड्यावर बारीक तिरप्या रेघा एकमेकींना छेदत जाळीसारखी नक्षी कोरलेली होती. कार्बन-१४ पद्धतीने त्याचं वय निघालं सुमारे २५ हजार वर्षं.

वाकणकर पाटण्याच्या उत्खननात नव्हते, ते काम साळींचं. पण दोघांना मिळालेल्या वस्तू शेजारी ठेवल्या की त्यांचा अर्थ वाढतो. नुसतं भीमबेटका असतं तर ते मणी कुठून तरी लांबून आले असतील, असं म्हणता आलं असतं. पाटणे मिळालं आणि सातपुड्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही बाजूंना माणसं शहामृगाची अंडी वापरत होती, हे दिसलं. शिवाय भीमबेटक्याच्या मण्यांना काळाचा एक आधारही मिळाला.

यातून खान्देशाबद्दलही एक गोष्ट कळते. शहामृग घनदाट जंगलात राहत नाही. त्याला मोकळं माळरान, गवत आणि पळायला जागा लागते. २५ हजार वर्षांपूर्वी पृथ्वी शेवटच्या हिमयुगाच्या सगळ्यात थंड काळाकडे चालली होती. हिमालय सोडला तर भारतात बर्फ नव्हतं, पण पावसाळा कमजोर पडला होता आणि हवा कोरडी होत चालली होती. तापी-गिरणेच्या खोऱ्यात मोकळी गवताळ रानं असली तरच तिथे शहामृग दिसणार. म्हणजे अंड्याचं कवच आपल्याला जेवणाबरोबर हवामानाचीही माहिती देतं.

मग बाकीचे पक्षी कुठे गेले?

शहामृगाची अंडी वापरणारा माणूस तित्तर, लावे, मोर, बदकं सोडून देत होता का? तसं असण्याची शक्यता फार कमी. मग त्यांचा पुरावा शहामृगाएवढा ठळक का नाही?

याचं उत्तर पक्ष्याच्या शरीरात आहे. उडायचं म्हणून पक्ष्याची हाडं पोकळ आणि पातळ असतात. गव्याचं हाड हजारो वर्षं मातीत टिकू शकतं, लाव्याचं हाड लगेच चुरा होतं. पिसं तर कुजूनच जातात. शहामृगाचं कवच मात्र जाड असतं आणि ते कॅल्साइट या खनिजाचं बनलेलं असतं, त्यामुळे ते टिकतं. म्हणजे आपल्याला जे मिळतं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं असेलच असं नाही. ते सगळ्यात टिकाऊ होतं, इतकंच.

जिथे हाडं टिकली तिथे काय मिळालं ते बघा. जर्मनीतल्या होल फेल्स गुहेत गिधाडाच्या पंखाच्या हाडापासून केलेली बासरी मिळाली. ती ३५ हजार वर्षांहून जुनी आहे. गिधाडाचं ते हाड लांब, सरळ आणि आतून पोकळ असतं, म्हणजे निम्मी बासरी निसर्गानेच तयार करून ठेवलेली. क्रोएशियातल्या क्रापिना इथे गरुडाच्या नख्या मिळाल्या. त्या सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्यांच्यावरच्या खुणा बघून निअँडरथल माणसांनी त्यांचे दागिने केले असावेत, असं मानलं जातं.

आपल्याकडे ही उणीव काही प्रमाणात चित्रं भरून काढतात. मध्य भारतातल्या मध्याश्मयुगीन चित्रांमध्ये माणसांच्या डोक्यावर मोठाले शिरोभूषणं दिसतात, काहींच्या चेहऱ्यावर मुखवटे आहेत. यातली काही शिरोभूषणं पिसांची असावीत असं बघताना वाटतं, पण रेघेवरून पीस सिद्ध होत नाही. म्हणूनच वाकणकरांनी भिंतीवरचं चित्र आणि जमिनीखालची वस्तू ही दोन्ही कामं सोबत केली, हे मोलाचं आहे.

रेघा कुणी मारल्या?

पाटणे आणि भीमबेटका यानंतर राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात शहामृगाच्या कवचाचे तुकडे शोधायची लाटच आली. चाळीसहून अधिक ठिकाणांची नोंद झाली. त्यातल्या अनेक तुकड्यांवर रेघा होत्या. १९८८ च्या सुमाराला अशी मांडणी झाली की, या सगळ्या कोरलेल्या वस्तू आहेत आणि भारतात उत्तर पुराश्मयुगातल्या कलेचा मोठाच साठा हाती लागला आहे.

पण पुढे सूक्ष्मदर्शकाखाली हे तुकडे नीट तपासले गेले. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी दाखवून दिलं की, बहुतेक रेघा माणसाने मारलेल्याच नाहीत. कवच मातीत पडलेलं असताना झाडांची बारीक मुळं त्याच्यावरून पसरतात. मुळांतून येणाऱ्या आम्लाने कवच झिजतं आणि तिथे नक्षीसारख्या खाचा पडतात. दगडी हत्याराने कोरलेली खाच आणि मुळाने झिजवलेली खाच भिंगाखाली वेगळी दिसते.

या छाननीतून पाटण्याचा तुकडा मात्र टिकला. त्याच्यावरची जाळी माणसानेच कोरलेली आहे, असं मानलं गेलं. म्हणजे जो एक तुकडा आपल्या जळगाव जिल्ह्यात मिळाला, तो बाकीचे गळून पडल्यावर आणखी मोलाचा ठरला.

मण्यांचं तसं नव्हतं. मधोमध भोक, घासलेल्या कडा आणि गळ्याजवळची जागा, हे मुळांना जमणारं काम नाही. त्यामुळे वाकणकरांचे मणी पुराव्याच्या पातळीवर भक्कम राहिले. उत्खननात वस्तूची जागा नोंदवायची शिस्त का पाळायची, याचं हे सोपं उदाहरण आहे.

शेवटची वर्षं

वाकणकर लहानपणापासून संघाशी जोडलेले होते. १९८१ मध्ये संस्कार भारती ही कलाक्षेत्रातली संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्ये ते होते. १९८० च्या दशकात त्यांनी लुप्त झालेल्या सरस्वती नदीच्या पात्राचा शोध घेण्यासाठी सहकाऱ्यांसोबत मोठा दौरा काढला. पुराणातली सरस्वती म्हणजे नेमकी कोणती नदी, यावर अभ्यासकांमध्ये आजही जोरदार वाद आहेत, आणि वाकणकरांच्या विचारांशी सहमत नसणारेही बरेच आहेत. पण भीमबेटक्याच्या कामाबद्दल दोन्ही बाजूंना आदर आहे, कारण ते काम जागेवर जाऊन तपासता येतं.

३ एप्रिल १९८८ ला सिंगापूरमध्ये वाकणकरांचं निधन झालं. एका कार्यक्रमासाठी ते तिकडे गेले होते. वय ६८. त्यांनी गोळा केलेली नाणी, नकला आणि नोंदी उज्जैनमध्ये त्यांच्या नावाने चालणाऱ्या शोध संस्थेकडे आहेत. मध्य प्रदेश सरकार पुरातत्त्वातल्या कामासाठी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देतं. भीमबेटक्याला २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. ते बघायला वाकणकर नव्हते.

आणि मग डीएनए आला

वाकणकर आणि साळी यांच्या काळात एक शंका कायम घेतली जायची. हे कवच खरंच शहामृगाचं कशावरून? शिवालिकच्या डोंगरात शहामृगाच्या जातीतल्या पक्ष्याची जीवाश्म हाडं एकोणिसाव्या शतकातच मिळाली होती, पण ती लाखो वर्षांपूर्वीची. २५-३० हजार वर्षांपूर्वी, म्हणजे माणसाच्या डोळ्यांदेखत, भारतात शहामृग फिरत होते, हे केवळ कवचाच्या ठेवणीवरून सगळे मान्य करत नव्हते.

याचं उत्तर २०१७ मध्ये आलं. हैदराबादची सीसीएमबी ही प्रयोगशाळा आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या कवचांच्या तुकड्यांमधून प्राचीन डीएनए काढायचा प्रयत्न केला. आपल्या उष्ण हवेत डीएनए टिकणं अवघड, पण एका नमुन्यातून तो मिळाला. आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. किमान २५ हजार वर्षांपूर्वी भारतात शहामृग होते, हे आता जनुकांच्या आधाराने सांगता येतं. या संशोधनात गिरिराज कुमार होते, ज्यांनी १९८० च्या दशकात याच कवचांवर काम सुरू केलं होतं.

आज भारतात रानात शहामृग नाही. पाऊस वाढला, गवताळ रानं बदलली की माणसांनी उचललेल्या अंड्यांचाही त्यात वाटा होता, यावर अजून काम चालू आहे. उचललेलं प्रत्येक अंडं म्हणजे एक पिल्लू कमी, हा हिशेब मात्र साधा आहे.

भीमबेटक्याला आता रस्ता आहे, तिकीट आहे, माहितीचे फलक आहेत. पाटणादेवीला दर रविवारी आणि नवरात्रात गर्दी होते. लोक देवीचं दर्शन घेतात, धबधबा बघतात, भास्कराचार्यांचं नाव ऐकून येतात. पुढच्या वेळी तुम्ही गेलात तर सोबतच्या पोरांना एवढं नक्की सांगा, की याच भागात २५ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी शहामृगाचं अंडं खाल्लं असेल, आणि मग त्याच्या कवचाचा एक तुकडा हातात घेऊन त्यावर दगडाने जाळी कोरत बसलं होतं.